संगणकातील दोष आणि त्याचे निवेदन

रहिवासाचा दाखला, परीक्षेचे निकालपत्रक, लाभार्थ्यांची यादी अथवा ग्रामसभेचे इतिवृत्त, यांपैकी बहुतेक कागद आज संगणकावर तयार होतात. ज्या कचेऱ्यांत व शाळांत लिनक्स ही प्रणाली वापरली जाते, तेथेही एखादे दिवशी यंत्र अडते, अक्षरे वेडीवाकडी उमटतात किंवा उघडलेली फाईल आपोआप मिटते. अशा वेळी ‘संगणक बिघडला’ एवढे म्हणून हात टेकले जातात आणि लांबून आलेल्या नागरिकास दुसऱ्या दिवशी येण्यास सांगण्यात येते. दुसऱ्या दिवशी यंत्र बहुधा चालू होते. दोष मात्र तसाच राहतो आणि महिनाभराने पुन्हा डोके वर काढतो. तो कायमचा जावयाचा असेल, तर ज्यांनी ती आज्ञावली लिहिली त्यांच्यापर्यंत त्याची नीट शब्दांत हकीकत पोहोचली पाहिजे. लिनक्सच्या बाबतीत हे काम कोणासही करता येते. त्यासाठी संगणकशास्त्राची पदवी लागत नाही. लागते ती निरीक्षणाची सवय.

लिनक्सचा गाभा फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठातील लिनस टॉरवाल्ड्स या विद्यार्थ्याने 1991 साली लिहावयास घेतला. आज ज्याला आपण व्यवहारात लिनक्स म्हणतो, तो या गाभ्यासह हजारो स्वतंत्र आज्ञावलींचा संच होय. पडद्यावरील खिडक्या व यादीपट्ट्या एक मंडळी तयार करतात, लिबरऑफिस हे लेखनाचे साधन दुसरी, टंक तिसरी. हे सर्व एकत्र बांधून देणाऱ्या संचाला वितरण म्हणतात. 1993 मध्ये सुरू झालेले डेबियन हे त्यांतील एक जुने व मातबर वितरण असून, प्रगत संगणन विकास केंद्र अर्थात सी-डॅक या संस्थेने 2007 साली प्रसिद्ध केलेली ‘बॉस’ ही भारतीय प्रणाली त्याच पायावर उभी आहे. केरळ राज्यातील सरकारी शाळांत तर मुलांना संगणकाचे शिक्षण लिनक्सवरच दिले जाते. या रचनेचा एक परिणाम लक्षात ठेवावा: दोष नेमका कोणाच्या घरात आहे, हे शोधणे हेच अर्धे काम असते.

दोषाला इंग्रजीत ‘बग’, म्हणजे किडा, म्हणतात. 1947 साली अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या यंत्रात खरोखरीचा पतंग अडकलेला सापडला व तो नोंदवहीत चिकटवून ठेवण्यात आला, ही कथा प्रसिद्ध आहे. मात्र शब्द त्याहून जुना आहे. एडिसनने 1878 सालीच यंत्रातील अडचणींना उद्देशून तो वापरला होता. त्या नोंदवहीतील पतंगापेक्षा नोंदवहीच अधिक महत्त्वाची मानली पाहिजे. काय सापडले, कोठे व किती वाजता, हे तेथे लगेच लिहून ठेवलेले होते.

एका अक्षराची अडचण

मराठी लिहिणाऱ्यांच्या नित्य अनुभवातील एक उदाहरण घेतल्यास निदानाची रीत स्पष्ट होईल. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. ‘आचार्यांना’ आणि ‘आचाऱ्यांना’ यांतील भेद तर पंगतीला बसणाराही जाणतो. दुसऱ्या रूपातील चंद्रकोरीसारखा आडवा अर्धा र हिंदीच्या लेखनात येत नाही. मराठीचे मात्र त्यावाचून चालत नाही. कुऱ्हाड, बिऱ्हाड, गोऱ्हे, कऱ्हाडे अशी कितीतरी नावे व शब्द त्यावर उभे आहेत.

समजा, एका यादीत ‘कऱ्हाडे’ हे आडनाव ‘कर्हाडे’ असे, म्हणजे ह वर रफार देऊन, छापले गेले. येथे तीन शक्यता संभवतात. पहिली, टंकणाऱ्याने साधा र वापरला असेल. इनस्क्रिप्ट कळफलकावर आडव्या र साठी शिफ्टसह जे ही कळ, नंतर हलन्त व नंतर ह असा क्रम आहे. शिफ्ट राहून गेली की रफार येणारच. हा यंत्राचा दोष नव्हे. दुसरी शक्यता म्हणजे निवडलेल्या टंकात हे रूप मुळातच नसणे. तोच शब्द दुसऱ्या टंकात, जसे लोहित देवनागरीत, घालून पाहावा. तेथे बरोबर दिसला, तर तक्रार टंक करणाऱ्यांकडे जावयाची. तिसरी शक्यता आज्ञावलीची. लिबरऑफिसमध्ये चुकणारा शब्द त्याच टंकात साध्या मजकूर-संपादकात बरोबर उमटत असेल, अथवा पडद्यावर बरोबर असून पीडीएफ फाईलमध्ये बिघडत असेल, तर संशयाची सुई लिबरऑफिसकडे वळते. तीन प्रयोगांना दहा मिनिटे पुरतात. तेवढ्यात चुकीच्या दारी तक्रार नेण्याचे व महिने फुकट घालविण्याचे टळते.

याच अक्षराची दुसरी अडचण अधिक गंभीर आहे, कारण ती डोळ्यांना दिसत नाही. युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत आडवा र दोन रीतींनी साठविता येतो: स्वतंत्र ऱ व हलन्त मिळून, किंवा साधा र, हलन्त व त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह मिळून. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. संगणकाच्या लेखी मात्र ती दोन निरनिराळी अक्षररूपे ठरतात. एका लिपिकाने पहिल्या रीतीने यादी केली आणि दुसऱ्याने दुसऱ्या रीतीने नाव टंकून शोध घेतला, तर यादीत छापलेले नाव ‘सापडत नाही’ असे उत्तर येऊ शकते. नाव असूनही नाकारल्या गेलेल्या माणसाने कोणाकडे दाद मागावी? नाव न सापडल्यास त्यातील आडवा र गाळून, उरलेल्या अक्षरांवरून शोध घ्यावा व यादी डोळ्यांनी पाहावी, हा तात्पुरता उपाय प्रत्येक कचेरीने जाणून असावा. आपल्या कचेरीपुरती एकच लेखनरीत ठरविणे हा त्याहून पक्का उपाय होय.

इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणी यंत्र हिंदीसाठी बसविलेले असते. तेथे मराठी मजकुरातील ल आणि श ही अक्षरे हिंदी वळणाने उमटली, तर तो दोष समजू नये. काही टंकांत दोन्ही वळणे असतात व मजकुराची भाषा मराठी नेमल्याबरोबर योग्य ते वळण येते. बेळगावात व गोव्यातही यंत्राची मूळ भाषा दुसरी असू शकते. म्हणून भाषेची नेमणूक आधी तपासावी.

निदान करताना

पडद्यावर आलेला संदेश पुसण्यापूर्वी तो शब्दशः उतरून घ्यावा अथवा पडद्याचे चित्र साठवून ठेवावे. ‘काहीतरी इंग्रजीत आले होते’ या वाक्याचा कोणालाही उपयोग होत नाही. त्यानंतर तीच कृती पुन्हा करून पाहावी. दर वेळी घडणारा दोष हा अर्धा पकडलेला दोष समजावा. कधीमधी घडणारा असेल, तर दहा वेळांत किती वेळा घडला ते मोजावे.

बिघाड आज्ञावलीत आहे की आपण केलेल्या मांडणीत, हे ठरविण्यास सोपा मार्ग म्हणजे यंत्रावर नवे वापरकर्ता-खाते उघडून तेथे तीच कृती करणे. नव्या खात्यात सर्व सुरळीत चालले, तर जुन्या खात्यातील एखादी नेमणूक बिघडलेली आहे, हे उघड होते. लिबरऑफिसच्या मदत या यादीतच सुरक्षित पद्धतीने पुन्हा सुरू करण्याची सोय आहे. तिचाही हाच हेतू. संपूर्ण यंत्रच अडत असेल, तर पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहावे. तेथेही अडले, तर स्मृतिपट्टी, डिस्क वा वीजपुरवठा पाहणे भाग आहे. आपल्याकडील विजेच्या लहरी ध्यानात घेता ही तपासणी टाळू नये.

बहुतेक वितरणांत यंत्र स्वतःची रोजनिशी ठेवते. ‘जर्नलसीटीएल’ ही आज्ञा रोमन अक्षरांत दिली असता ती वाचता येते. त्या आज्ञेपुढे एक जागा सोडून उणे चिन्ह व बी, पुन्हा जागा सोडून उणे चिन्ह व एक हा आकडा टंकल्यास यंत्र मागील खेपेस चालू होते तेव्हाच्या नोंदी मिळतात. यंत्र अचानक बंद पडले असल्यास त्याच हव्या असतात. संपूर्ण रोजनिशी जोडण्याची गरज नाही. दोष घडल्याच्या वेळेच्या मागेपुढे असलेल्या ओळी पुरतात. वेळ नोंदविण्याचे महत्त्व येथे कळते.

निवेदन कसे असावे

‘तुमचे लिबरऑफिस मराठीसाठी निरुपयोगी आहे’ हे निवेदन नव्हे, तो राग झाला. त्याऐवजी, उदाहरणादाखल, असे लिहावे: डेबियन 12, लिबरऑफिस 7.4. नवी फाईल उघडली. लोहित देवनागरी टंकात ‘कऱ्हाडे’ हा शब्द लिहिला. पडद्यावर बरोबर दिसला. पीडीएफ तयार केली असता आडव्या र च्या जागी रफार आला. आडवा र यावा अशी अपेक्षा होती. पाचही वेळा असेच झाले. आधीच्या आवृत्तीत असे होत नव्हते. सोबत एका शब्दाची नमुना फाईल. एवढे साध्या इंग्रजीत लिहिता आले की पुरे. या कामी गावातील शिक्षकांचे साहाय्य सहज मिळू शकते.

त्यातील शेवटून दुसरे वाक्य फार मोलाचे असते. दोन आवृत्त्यांमध्ये हजार बदल झालेले असले, तरी मधली आवृत्ती तपासून दर वेळी अर्धे बदल वगळीत गेल्यास सुमारे दहा प्रयोगांत दोषी बदल हाती लागतो. लिबरऑफिसचे कार्यकर्ते जुन्या आवृत्त्या साठवून ठेवतात, त्या याच कामासाठी.

निवेदन प्रथम वितरणाकडे द्यावे की मूळ कर्त्यांकडे, याचा संभ्रम पडतो. संशय असल्यास वितरणाकडे देणे बरे. तलाठ्याकडून अर्ज वर जावा तसा तो पुढे पाठविला जातो. डेबियनला निवेदन ई-पत्राने देता येते. उबंटू वितरणात यंत्राची माहिती आपणहून गोळा करणारी आज्ञा आहे, तर लिबरऑफिससाठी नोंदणीपटावर खाते उघडावे लागते. तत्पूर्वी तोच दोष इतर कोणी नोंदविला आहे काय, हे शोधावे. असल्यास त्याच नोंदीखाली आपली भर घालावी.

हे सर्व पट जगाला खुले असतात व बहुधा कायम राहतात. यास्तव लाभार्थ्यांची खरी यादी, विद्यार्थ्यांचे गुण अथवा आधार क्रमांक असलेली फाईल कदापि जोडू नये. कल्पित नावांची दोन ओळींची फाईल करावी व तीत दोष दिसतो याची खात्री करून घ्यावी. पडद्याच्या चित्राच्या कोपऱ्यातही एखादे नाव राहून जाते.

सुरक्षेला धोका पोचविणारा दोष आढळल्यास तो उघड पटावर न मांडता संबंधितांच्या सुरक्षा-पथकास खाजगीरीत्या कळवावा. 2024 च्या मार्च महिन्यात आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यास दूरस्थ यंत्रात प्रवेश करताना सुमारे अर्धा सेकंद अधिक लागत असल्याचे जाणवले. त्याने पाठपुरावा केला, तेव्हा ‘एक्सझेड’ या सर्वत्र वापरल्या जाणाऱ्या आज्ञावलीच्या 5.6.0 व 5.6.1 या आवृत्त्यांत कोणीतरी हेतुपुरस्सर चोरदरवाजा ठेवल्याचे उघडकीस आले. त्याने प्रथम डेबियनच्या सुरक्षा-पथकाला कळविले आणि 29 मार्च रोजी ती गोष्ट जाहीर झाली. बहुतेक स्थिर वितरणांत त्या आवृत्त्या तोवर पोहोचल्या नव्हत्या.

निवेदन दिल्यानंतर उत्तरास काही दिवस, क्वचित काही महिने लागतात. उत्तर देणारे पुष्कळदा स्वयंसेवक असतात. त्यांनी अधिक माहिती मागितल्यास ती अवश्य द्यावी. विचारणेला उत्तर न आल्यामुळे बंद झालेल्या नोंदींची संख्या थोडी नाही. दोष दुरुस्त झाल्याचे कळले, की नवी आवृत्ती यंत्रावर घेऊन तोच शब्द, त्याच टंकात, पुन्हा लिहून पाहावा आणि आलेला निकाल त्याच नोंदीखाली कळवावा.