हस्तसामुद्रिकांतील आयुष्यरेषा कोणती?

‘हात दाखवून अवलक्षण’ ही म्हण मराठींत सर्वांच्या तोंडीं आहे. आपण होऊन हात पुढें करावा आणि त्यावरील कुलक्षण ऐकून खिन्न मनानें परतावें, हा अनुभव अनेकांस आल्यावांचून अशी म्हण रूढ होत नाहीं. हात पाहणारा जें जें सांगतो त्यांत सर्वांत जड शब्द आयुर्मर्यादेचा असतो. परंतु तो ज्या रेषेवरून सांगावयाचा ती रेषा तळव्यावर नेमकी कोणती, याविषयींच जुन्या ग्रंथांत व चालू पुस्तकांत एकवाक्यता नाहीं. हें शास्त्र खरें कीं खोटें हा वाद तूर्त बाजूस ठेवून, इतिहासाच्या दृष्टीनें या मतभेदाचा उगम कोठें आहे तें पाहण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंगावरील लक्षणांवरून फल सांगण्याची विद्या आपल्याकडे फार जुनी आहे. बौद्धांच्या दीघनिकायांतील ब्रह्मजालसुत्तांत भिक्षूनें जीं वर्ज्य मानावीं अशीं उपजीविकेचीं साधनें सांगितलीं आहेत, त्यांत अंगविद्या व लक्षणविद्या आहेत. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत संन्याशानें अंगविद्येच्या जोरावर भिक्षा मिळवूं नये असा निषेध आहे. कौटिल्यानें हीच विद्या गुप्तहेरांस शिकविण्यास सांगितली आहे. परक्याच्या घरांत शिरून त्याच्या मनांतील गोष्ट काढून घेण्यास हात पाहण्याइतकें सोपें निमित्त दुसरें कोणतें? निषेध असो वा विधि, दोहोंवरून एवढें निश्चित होतें कीं, या विद्येवर पोट भरणारे लोक त्या काळीं जागोजाग हिंडत होते.

केवळ हाताच्या रेषेविषयींचा एक बोलका पुरावा व्याकरणांत सांपडतो. ‘जायाघ्न’ व ‘पतिघ्नी’ या शब्दांची सिद्धि पाणिनीनें तिसऱ्या अध्यायांत सांगितली आहे. इ. स. सातव्या शतकाच्या सुमारास झालेल्या काशिकावृत्तींत त्यांचीं उदाहरणें देतांना पत्नीस मारक म्हणून पुरुषाच्या अंगावरील तीळ, आणि पतीस मारक म्हणून हातावरील रेषा दिली आहे. वैयाकरण उदाहरण घेतो तें लोकांच्या नित्य परिचयाचें असतें. तेव्हां पतीचा मृत्यु स्त्रीच्या तळव्यावर लिहिलेला असतो, ही समजूत त्या काळीं सर्वतोमुखीं होती असें मानण्यास हरकत नाहीं. व्याकरणानें दोष दोघांसहि सारखाच वांटून दिला. व्यवहारांत मात्र तिळामुळें विधुराचें दुसरें लग्न अडलें नाहीं, आणि वधूपरीक्षेंत हात पुढें करावा लागला तो मुलीसच.

आतां ग्रंथांकडे वळूं. सहाव्या शतकांतील वराहमिहिराच्या बृहत्संहितेंत पुरुषलक्षणांचा व कन्यालक्षणांचा विचार स्वतंत्र अध्यायांत आहे. पुरुषलक्षणांचा आरंभ पायांपासून होतो. हात हा त्यांतील एक अवयव, आणि रेषा हा हाताच्या वर्णनांतील एक लहानसा भाग. मनगटापासून निघून तळव्यांत गेलेल्या तीन रेषा राजत्व दर्शवितात, माशाचीं चिन्हें अन्नसत्र घालणाऱ्याचीं होत, अशा प्रकारचीं तीं फलें आहेत. रेषा प्रदेशिनीपर्यंत, म्हणजे अंगठ्याजवळच्या बोटापर्यंत, पोंचल्यास शंभर वर्षें आयुष्य. उणी असल्यास त्या मानानें कमी. आणि रेषा तुटलेल्या असतील तर झाडावरून पडण्याचें भय! या वर्णनांत ग्रहांचे उंचवटे कोठेंहि नाहींत.

ही आयुष्यरेषा निघते कोठून, याचा खुलासा गरुडपुराणांतील सामुद्रिकप्रकरणांत मिळतो. करंगळीच्या मुळापासून निघून तर्जनी व मध्यमा यांच्यामधल्या जागेकडे जाणारी रेषा दीर्घायुष्याची, असें तेथें म्हटलें आहे. पारंपरिक सामुद्रिकांत हीच आयुरेखा. तिच्या खालची ती मातृरेखा आणि अंगठ्यास वळसा घालून मनगटाकडे उतरणारी ती पितृरेखा. पुरुषाचा उजवा व स्त्रीचा डावा हात पाहावा हा नियमहि याच परंपरेंतला. पुढें सतराव्या शतकांत मेघविजयगणि या जैन पंडितानें ‘हस्तसंजीवन’ हा केवळ हातावरचा स्वतंत्र ग्रंथ रचला.

युरोपांतील मांडणी निराळी आहे. ॲरिस्टॉटलनें आपल्या प्राणिविषयक ग्रंथांत तळवा आरपार ओलांडणाऱ्या रेषा दीर्घायुष्याच्या म्हटल्या आहेत. परंतु मध्ययुगानंतरच्या युरोपीय हस्तसामुद्रिकांत अंगठ्याभोंवतालची रेषा ही आयुष्याची, आणि बोटांखालील आडवी रेषा कालांतरानें हृदयाची ठरली. बोटांच्या मुळाशीं गुरु, शनि, रवि, बुध आणि अंगठ्याच्या मुळाशीं शुक्र, अशी ग्रहांची स्थापनाहि तिकडचीच. फ्रान्समध्यें देबारोल याच्या १८५९ च्या ग्रंथानें ही पद्धति नव्या जोमानें लोकप्रिय केली.

येथें कीरो या प्रसिद्ध हस्तसामुद्रिकाचा विचार अवश्य होतो, कारण त्याचा संबंध थेट महाराष्ट्राशीं जोडला जातो. आयर्लंडांत १८६६ त जन्मलेला व १९३६ त वारलेला हा गृहस्थ. मूळ नांव विल्यम जॉन वॉर्नर. तरुणपणीं मुंबईस उतरून कोंकणांतील एका ब्राह्मणाजवळ आपण ही विद्या शिकलों, अशी त्याची कथा सर्वत्र सांगितली जाते, आणि तिचा आपल्या लोकांस अभिमानहि वाटतो. परंतु कथा तपासावयाची ती ग्रंथाच्या आधारें. त्याच्या १८९४ च्या पुस्तकांतील आयुष्यरेषा अंगठ्याभोंवतालची आहे, बोटांखालची रेषा हृदयाची आहे आणि उंचवटे ग्रहांचे आहेत. कोंकणांतील सामुद्रिकज्ञ ब्राह्मणानें शिकविलें असतें तर निदान आयुष्यरेषा तरी करंगळीखालून निघाली असती! तो कोंकणांत गेलाच नाहीं असें यावरून सिद्ध होत नाहीं. पण त्यानें लिहिलेली विद्या मुख्यतः युरोपची आहे, एवढें मात्र या अंतर्गत पुराव्यावरून ठरतें.

इंग्रजी पुस्तकांबरोबर ही पद्धति आपल्याकडे आली. ‘हृदयरेषा’, ‘मस्तकरेषा’ हीं मराठी पुस्तकांतील नांवें इंग्रजी नांवांचीं भाषांतरें होत. आपल्या परंपरेंतील पितृरेखा आयुष्यरेषा बनली, जुनी आयुरेखा हृदयाकडे गेली, आणि या मिश्रणास प्राचीन ऋषींचें शास्त्र असें नांव मिळालें. परिणाम असा कीं, ज्या मनुष्यास एका पद्धतीनें शंभर वर्षें मिळतात, त्यासच दुसऱ्या पद्धतीनें अल्पायुषी ठरवितां येतें. हात एकच, रेषा त्याच. बदलतें तें केवळ नांव.

शरीरशास्त्राचें म्हणणें सरळ आहे. या घड्या मूल गर्भांत असतांनाच, साधारणतः चौथा महिना पुरा होण्यापूर्वीं पडतात, आणि तळवा मिटण्यास त्या उपयोगी पडतात. पुढील आयुष्याची लांबी त्यांत मोजून ठेवलेली नसते. हात खरोखर पुराव्यास उपयोगी पडला तो वेगळ्याच रीतीनें. १८५८ त बंगालमधील जंगीपूर येथें विल्यम हर्शेल या अधिकाऱ्यानें राज्यधर कोनाई या कंत्राटदाराच्या तळव्याचा ठसा करारावर घेतला. बोटांच्या ठशांवरून माणूस ओळखण्याची पद्धति त्यांतून वाढली, आणि १८९७ त कलकत्त्यास तिची कचेरी निघाली. मनुष्य कोण आहे हें हातानें सांगितलें. त्याचें पुढें काय होणार हें नाहीं.

वाचकांस आमची एक विनंति आहे. ज्यांच्या घरच्या बाडांत सामुद्रिकाची जुनी पोथी असेल त्यांनीं ती रद्दींत जाऊं देऊं नये. तींत आयुष्याची रेषा कोठून कोठपर्यंत सांगितली आहे आणि पोथीचा लेखनशक कोणता आहे, एवढें जरी टिपून ठेवलें तरी हा बदल आपल्या प्रांतांत कसकसा होत गेला तें ठरवितां येईल. आणि ज्यांच्या घरीं पोथी नाहीं पण लग्नाची मुलगी आहे, त्यांनीं तिचा हात दाखविण्यापूर्वीं पाहणाऱ्यास इतकेंच विचारावें: महाराज, आपली आयुष्यरेषा कोणती?