नवजात बालकाचे रक्त कोणत्या मापाने मोजावे?

“बाळ ठणठणीत आहे, मग रक्त गोठण्याच्या तपासणीत आकडा जास्त कसा?” प्रसूतिकक्षाबाहेर पालक आम्हांस हा प्रश्न काळजीने विचारतात. सभासद व देणगीदार यांच्या माहितीसाठी त्याचा खुलासा येथे करीत आहोत.

रक्त गोठविणारी प्रथिने मुख्यत्वे यकृतात तयार होतात. ती आईकडून वारेतून बाळाकडे जात नाहीत. बाळाला ती स्वतःच तयार करावी लागतात. त्यांपैकी दोन, सात, नऊ व दहा या क्रमांकांच्या घटकांना के जीवनसत्त्वाची गरज असते. जन्मतः या चार घटकांचे प्रमाण प्रौढांच्या सुमारे निम्मे असते. साहजिकच तपासणीच्या नळीत रक्त गोठण्यास अधिक वेळ लागतो.

कॅनडातील डॉ. मॉरीन अँड्र्यू व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८७ साली पूर्ण दिवसांच्या ११८ निरोगी बालकांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पहिल्या दिवसापासून सहाव्या महिन्यापर्यंत टप्प्याटप्प्याने नमुने तपासले गेले. ए.पी.टी.टी. या चाचणीचा काळ प्रौढांत सरासरी ३३.५ सेकंद, तर पहिल्या दिवशीच्या बालकांत ४२.९ सेकंद आढळला. तरीही ही बालके निरोगीच होती. कारण गोठण्यास आवर घालणारी प्रथिनेही त्या वयात कमी असतात. जमेची बाजू लहान, तशी खर्चाचीही लहान, ताळेबंद जुळतो. सहा महिन्यांपर्यंत बहुतेक घटक प्रौढांच्या जवळ पोहोचतात.

म्हणून प्रौढांच्या मर्यादा छापलेल्या अहवालावरून बालकाला आजारी ठरविणे अन्यायाचे आहे. त्यातून पुन्हा सुई, सोलापूरची धावपळ आणि गरीब कुटुंबावर नाहक खर्च ओढवतो. नमुना घेण्यातही दक्षता लागते. नऊ भाग रक्तास एक भाग सायट्रेट हे प्रमाण नळी अपुरी भरल्यास बिघडते. नवजाताच्या रक्तात तांबड्या पेशी अधिक व रक्तद्रव कमी असल्यामुळेही सायट्रेट जास्त होऊन काळ खोटा वाढतो. शिवाय तीन किलोच्या बाळाच्या अंगात रक्त अवघे २४० मिलिलिटरच्या आसपास असते; त्यातला थेंबही मोलाचा.

यास्तव आमच्या रुग्णालयात निरोगी बालकांची ही तपासणी सरसकट केली जात नाही. रक्तस्राव, गंभीर आजार किंवा घराण्यात हिमोफिलियासारखा विकार असेल तरच ती होते, व अहवालावर वयानुसार मर्यादा असावी असा आमचा आग्रह आहे. यंत्र व रसायनानुसार आकडे बदलतात, हेही ध्यानी घ्यावे.

तपासणी सर्वांना नको; के जीवनसत्त्वाचे इंजेक्शन मात्र प्रत्येक बाळाला हवे. केंद्र शासनाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार जन्मानंतर लगेच १ मिलिग्रॅम, व एक किलोपेक्षा कमी वजनाच्या बाळास अर्धा मिलिग्रॅम मात्रा मांडीत दिली जाते. आईच्या दुधात हे जीवनसत्त्व अल्प असते. म्हणून दूध तोडू नये, इंजेक्शन चुकवू नये. ते न मिळालेल्या बाळाला दोन ते बारा आठवड्यांच्या काळात अचानक मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

वेळापूर परिसरात ऊसतोडीच्या हंगामात कोपीत बाळंतपण झाल्यास हे इंजेक्शन राहून जाते. अशा बाळास विनाविलंब दवाखान्यात आणावे, एवढा निरोप सर्व हितचिंतकांनी फडापर्यंत पोहोचवावा, ही नम्र विनंती.