दोन कॉलेजं, एक अर्थशास्त्र!

बारावीचा निकाल लागला की घरोघरी दोनच गोष्टींची चर्चा सुरू होते. पहिली, पेढे कुणाकुणाकडे पाठवायचे? आणि दुसरी, आता पुढे काय? पहिला प्रश्न संध्याकाळपर्यंत सुटतो. दुसरा मात्र महिना-महिना घर सोडत नाही!

इंजिनिअरिंगला जाणाऱ्यांचं त्यातल्या त्यात बरं असतं. प्रवेश परीक्षेचे गुण आणि तुम्ही भरलेला पसंतीक्रम यांवरून कुठं जायचं ते यादीच सांगून टाकते. पण ज्याला किंवा जिला अर्थशास्त्र शिकायचंय, त्यांचं काय? समजा, तुम्ही सांगलीच्या विश्रामबागेत राहता. घरापासून सायकलवर विलिंग्डन कॉलेज. आणि सव्वादोनशे किलोमीटरहून लांब, पुण्यात, फर्ग्युसन कॉलेज. दोन्हीकडे प्रवेश मिळण्याइतके गुण पडलेत. मामा म्हणतात, "पुण्यालाच जा." आजी म्हणते, "घरचं जेवण सोडून कशाला?" बाबा गप्प बसून हिशेब करतायत. आता काय करायचं?

गंमत अशी, की हा प्रश्नच मुळात अर्थशास्त्राचा आहे! दोन गोष्टी समोर आहेत, पैसा आणि वर्षं मोजकी आहेत आणि निवड एकाचीच करायचीय. अर्थशास्त्र दुसरं काय शिकवतं? चला तर, पदवीला जाण्याआधीच त्याचा पहिला धडा गिरवू.

एकाच घरातली दोन भावंडं

आधी हे बघू, की ही दोन कॉलेजं एकमेकांपासून किती वेगळी आहेत. पुण्यात १८८४ साली डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली. टिळक, आगरकर, नामजोशी ही मंडळी तिच्या उभारणीत होती. पुढच्याच वर्षी, १८८५ मध्ये, या संस्थेनं फर्ग्युसन कॉलेज काढलं. आणि १९१९ मध्ये याच संस्थेनं सांगलीत विलिंग्डन सुरू केलं. म्हणजे दोघांची आई एकच!

मग फरक कुठं आला? विद्यापीठात. विलिंग्डन कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाला जोडलेलं आहे आणि फर्ग्युसन सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाला. पण इथंही एक मजा आहे. विलिंग्डन सुरू झालं तेव्हा ते मुंबई विद्यापीठात होतं. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ निघालं, तेव्हा ते पुण्याकडे आलं. १९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठ स्थापन झालं, तेव्हा कोल्हापूरकडे. कॉलेज एकच आणि पदवीच्या कागदावर आळीपाळीनं तीन विद्यापीठांची नावं! मागणी वाढली की किंमत वाढते, हा नियम मात्र तिन्ही वेळा तसाच राहिला, बरं का!

हळकुंड मोडून बघा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचा सौदा कधी पाहिलाय? इथली हळद इतकी नावाजलेली, की २०१८ मध्ये 'सांगली हळद' या नावानं तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पण मुरलेला व्यापारी नुसत्या नावावर बोली लावत नाही. तो हळकुंड हातात घेतो, मोडतो आणि आतला रंग बघतो. कॉलेजचंही तसंच करायचं. नाव बघा, पण आतला रंगही बघा.

आतला रंग म्हणजे काय? पहिली गोष्ट, अभ्यासक्रम. तिन्ही वर्षांचे विषय समोर ठेवा. पहिल्या वर्षाचे विषय सगळीकडे जवळपास सारखेच असतात, म्हणून शेवटच्या वर्षाचे आधी वाचा. गणित आणि संख्याशास्त्र किती आहे? आकडेवारी हाताळायला, कॉम्प्युटरवर तक्ते-आलेख करायला शिकवतात का? शेती, बँका, व्यापार यांपैकी तुम्हाला आवडणारा विषय निवडता येतो का? हे अभ्यासक्रम विद्यापीठांच्या आणि कॉलेजांच्या वेबसाइटवर असतात. एका रविवारचं काम आहे.

दुसरी गोष्ट, अभ्यासक्रम ठरवतं कोण? फर्ग्युसन हे स्वायत्त कॉलेज आहे. म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा कॉलेज स्वतः ठरवतं, पदवी मात्र विद्यापीठ देतं. त्यामुळे नवा विषय लवकर आणता येतो. विद्यापीठाचा अभ्यासक्रम शिकवणाऱ्या कॉलेजांत पुस्तकं, जुन्या प्रश्नपत्रिका, आधीच्या मुलांच्या वह्या सहज मिळतात. तुम्हाला कोणतं मानवेल, ते तुम्हीच ओळखा.

तिसरी गोष्ट, भाषा. दहावीपर्यंत मराठीत शिकलेल्या मुलाला एकदम सगळं इंग्रजीत ऐकावं लागलं, तर पहिले सहा महिने जड जातात. म्हणून घाबरून जाऊ नका. पण उत्तरपत्रिका कोणत्या भाषेत लिहिता येते, ग्रंथालयात कोणत्या भाषेतली पुस्तकं आहेत, हे आधी विचारून घ्या.

आणि चौथी, सगळ्यांत सोपी आणि सगळ्यांत कमी केली जाणारी गोष्ट. कॉलेजात जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या ताईला किंवा दादाला गाठा आणि विचारा, "तास नियमित होतात का? शंका विचारली तर सर-मॅडम थांबतात का? ग्रंथालय किती वाजेपर्यंत उघडं असतं?" माहितीपत्रकातल्या रंगीत फोटोंपेक्षा ही तीन उत्तरं जास्त बोलकी असतात.

बाबांच्या हिशेबाची वही

आता पैशांकडे वळू. संकोच करू नका, घरात हे मोकळेपणानं बोललंच पाहिजे. समजा, पुण्यात राहणं, मेस आणि जाणं-येणं धरून घरी राहण्यापेक्षा महिन्याला ९,००० रुपये जास्त लागतात. वर्षाचे १० महिने धरले तर ९०,०००. तीन वर्षांचे २,७०,०००. हे आकडे उदाहरणापुरते आहेत, तुमचे तुम्ही मांडा.

आता विचार असा करायचा नाही, की 'पुणे चांगलं आहे का?' पुणे चांगलंच आहे! विचार असा करायचा, की 'पुण्यात जे जास्तीचं मिळणार आहे, ते या जास्तीच्या २,७०,००० रुपयांच्या मोलाचं आहे का?' अर्थशास्त्रात याला सीमांत विचार म्हणतात. आणि या रकमेतून दुसरं काय करता आलं असतं? कदाचित पदवी सांगलीत घेऊन पुढचं दोन वर्षांचं एम.ए. पुण्यात किंवा दिल्लीत करता आलं असतं. एक निवडताना जी दुसरी चांगली गोष्ट सोडावी लागते, तिला म्हणतात संधी-खर्च. पावतीवर तो कधीच छापलेला नसतो, पण द्यावा मात्र लागतो!

उलट बाजूही मांडू. पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था आहे. ती १९३० साली उभी राहिली, ती सातारचे रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून. धनंजयराव गाडगीळ तिचे पहिले संचालक. गावोगावच्या शेतीची, मजुरीची प्रत्यक्ष पाहणी करायची पद्धत या संस्थेनं रुजवली. हेच गाडगीळ पुढे प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याच्या उभारणीत विठ्ठलराव विखे पाटलांच्या बरोबरीनं उभे राहिले. अशा शहरात व्याख्यानं असतात, ग्रंथालयं असतात, आपल्यासारखीच वेड लागलेली मुलं भेटतात. स्वतःचे कपडे स्वतः धुणं, महिन्याचे पैसे महिनाभर पुरवणं हेही शिक्षणच. ज्याला याचा खरोखर उपयोग करून घ्यायचाय, त्याला ते जास्तीचे पैसे महाग पडणार नाहीत. पण पुण्यात राहून नुसतं खोलीवर मोबाइल बघत बसायचं असेल, तर तो विश्रामबागेतही बघता येतो!

सातारच्या शाळेतला मुलगा

७ नोव्हेंबर १९०० रोजी सातारच्या सरकारी शाळेच्या पटावर एका मुलाचं नाव दाखल झालं. पुढे हा मुलगा मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून १९१२ साली बी.ए. झाला. १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेला आणि १९१५ मध्ये एम.ए. झाला. त्यानंतर त्यानं लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये नाव घातलं. ओळखलंत ना? डॉ. बाबासाहेब आंबेडकर!

कोलंबिया आणि लंडन, दोन्ही अर्थशास्त्राची नावाजलेली ठिकाणं. पण बाबासाहेबांनी दोन्हीकडून वेगवेगळं घेतलं. कोलंबियात अर्थशास्त्राच्या जोडीला इतिहास, समाजशास्त्र, मानववंशशास्त्र असं चौफेर शिक्षण घेतलं. लंडनला रुपयाच्या प्रश्नावर खोल संशोधन केलं आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. मिळवली. मधे शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ मध्ये त्यांना शिक्षण अर्धं टाकून परतावं लागलं होतं. त्यांनी मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवलं, पैसे साठवले आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

यातून आपण काय घ्यायचं? एक, पहिली निवड पुष्कळदा आपल्या हातात नसते, ती शिष्यवृत्ती किंवा घरची परिस्थिती ठरवते. दोन, पहिली निवड म्हणजे शेवटची निवड नव्हे. नामदार गोखल्यांचंच बघा. त्यांचं कॉलेजशिक्षण कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात सुरू झालं, पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून गेलं आणि १८८४ मध्ये मुंबईच्या एल्फिन्स्टनमध्ये पूर्ण झालं. पुढे फर्ग्युसनमध्ये त्यांनी अर्थशास्त्रही शिकवलं.

खरा निर्णय आधीच होतो!

आता एक गोष्ट दहावी-अकरावीच्या दोस्तांसाठी. कॉलेज कोणतं, हा प्रश्न बारावीनंतरचा. पण त्याहून मोठा निर्णय पुष्कळजण दहावीनंतरच, नकळत करून टाकतात. तो म्हणजे गणित सोडून देणं! 'आर्ट्सला कशाला हवं गणित?' असं म्हणून गणिताला रामराम ठोकला जातो. पण आपल्या राज्यात अकरावी-बारावी कला शाखेतही गणित घेता येतं. दिल्ली विद्यापीठाच्या अर्थशास्त्र ऑनर्सला बारावीचं गणित लागतंच. आयआयटींमध्ये पदव्युत्तर शिक्षणासाठी जी 'जॅम' परीक्षा होते, तिच्यात २०२१ पासून अर्थशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात गणित-संख्याशास्त्र भरपूर असतं. केंद्र सरकारच्या भारतीय अर्थसेवेसाठी लोकसेवा आयोगाची परीक्षा असते, तिला अर्थशास्त्राची पदव्युत्तर पदवी लागते. या परीक्षांत पेपर तपासणाऱ्याला तुमचं कॉलेज दिसत नाही, तुमचं उत्तर दिसतं.

म्हणजे विलिंग्डनमध्ये राहून गणित पक्कं करणारी मुलगी, फर्ग्युसनमध्ये जाऊन गणिताला टाळणाऱ्या मुलाच्या पुढं निघून जाईल. सरळ हिशेब आहे!

थोडं आई-बाबांशी

पालकहो, एक विनंती. घरात भाऊ-बहीण दोघं असतील तर दोघांना एकच माप लावा. 'मुलगा आहे, जाऊ दे पुण्याला' आणि 'मुलगी आहे, जवळचंच बरं' असं ठरलं, तर तो निर्णय कॉलेजचा राहत नाही. काळजी असेल तर ती बोलून दाखवा. वसतिगृह स्वतः जाऊन बघा, भाडं, मेस, सुरक्षितता यांची चौकशी करा. फी-सवलत आणि शिष्यवृत्तीचे अर्ज वेळेत भरा. आणि कर्ज काढायचंच असेल तर त्याचा हप्ता किती, कधीपासून, हे मुलांनाही कळू द्या. ज्याला खर्च माहीत असतो, तो तास बुडवताना दोनदा विचार करतो.

आणि तरीही ठरेना, तर?

एवढं सगळं करून, एका कागदावर दोन रकाने पाडून, गुण देऊनसुद्धा दोन्ही बाजू सारख्याच भरल्या तर? तर मग खुशाल निःश्वास टाका! कारण दोन गोष्टी खरोखरच सारख्या असतील, तर त्यातली कुठलीही निवडली तरी तोटा फार थोडा. गंमत बघा, निवड सर्वांत अवघड वाटते ती दोन पर्याय सारखे असतात तेव्हा, आणि नेमकी तेव्हाच चुकीची भीती सर्वांत कमी असते. रात्र-रात्र जागायची ती गोष्टच नव्हे. अशा वेळी जे स्वस्त पडेल ते घ्या आणि उरलेले पैसे पुढच्या शिक्षणासाठी ठेवा.

मात्र एकदा ठरलं, की ठरलं. मग 'तिकडं गेलो असतो तर' हे वर्षभर उगाळत बसायचं नाही. ज्या कॉलेजात जाल तिथल्या ग्रंथालयाचं कार्ड पहिल्या आठवड्यात काढा, रोज अर्थविषयक बातम्यांचं पान वाचा आणि पहिली शंका पहिल्याच तासाला विचारा. आणि हो, या सुट्टीत बाबांच्या हिशेबाच्या वहीत एकदा डोकावून बघा. अर्थशास्त्राचं पहिलं प्रकरण तिथंच लिहिलेलं आहे!