‘ट्रान्सपेरंट’ : एका यहुदी घराची कथा

लॉस एंजेलिस शहरांतील मॉर्ट फेफरमन हे राज्यशास्त्राचे निवृत्त प्राध्यापक. पत्नीशीं घटस्फोट झालेला. सारा, जॉश व ॲली हीं तीन मुलें वयानें मोठीं, पण अद्याप पोरकट. एके दिवशीं ते मुलांस जेवावयास बोलावतात. मनांतील एक गोष्ट सांगावयाची असते. ती ओठांपर्यंत येऊन तशीच राहते. पुरुषदेहांत जन्म घेऊनही आपण स्त्रीच आहों ही ती जन्मभर लपविलेली जाणीव. पुढें ती उघड होते व मॉर्ट यांचें नांव मॉरा होतें. इंग्रजींत एका सर्वनामानें काम भागतें. मराठींत क्रियापदासही रूप पालटावें लागतें! मुलांनीं मात्र ‘मॉमा’ व ‘पॉपा’ जोडून ‘मॉपा’ ही हांक शोधून काढली.

अमॅझॉन कंपनीची ही दूरचित्रवाणी-मालिका २०१४ पासून २०१९ पर्यंत दाखविली गेली. तिच्या कर्त्या सोलोवे यांच्या स्वतःच्या घरींच अशी घटना घडली होती. नांवांतही श्लेष आहे : ‘पारदर्शक’ हा एक अर्थ आणि ‘पारलिंगी पालक’ हा दुसरा.

कोंकणांतील ‘शनवार तेली’, म्हणजे बेने इस्रायल, यांच्यामुळें यहुदी लोकांचा शब्बाथ मराठी माणसास अपरिचित नाहीं. फेफरमन मंडळी धर्म फारशी पाळीत नाहींत, तरी सणावारांवांचून त्यांचें चालत नाहीं. यहुदी मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली कीं ‘बात मित्झवा’ हा संस्कार होतो. त्यानंतर धर्माज्ञांचें उत्तरदायित्व तिच्यावर येतें. १९९४ सालीं ॲली हा समारंभ नको म्हणते आणि पिता चटकन् रुकार देतो. कारण त्याच दिवसांत त्याला स्त्रीवेषानें वावरणाऱ्यांच्या एका शिबिरास गुपचुप जावयाचें असतें. मुलीला मिळालेलें तें स्वातंत्र्य होतें कीं उपेक्षा? मॉराविषयीं सहानुभूति बाळगूनही मालिका तिचा हा दोष झांकीत नाहीं, हें तिचें मोठें बळ.

दुसऱ्या भागांत कथा १९३३ च्या बर्लिनमध्यें जाते. सर्व मालिकेंत हाच भाग सरस. मॅग्नुस हिर्शफेल्ड या यहुदी वैद्यानें १९१९ सालीं तेथें लैंगिक विज्ञानाची संस्था स्थापिली होती. अशा व्यक्तींस तेथें आश्रय व उपचार मिळत. त्यांच्या वेषास पोलिसांचा परवानाही मिळूं शके. हिर्शफेल्ड १९३१ मध्यें हिंदुस्थानांतही येऊन गेले होते. ६ मे १९३३ रोजीं नाझींनीं संस्था लुटली, व १० मे रोजीं तेथील ग्रंथ भर चौकांत जाळले. मालिकेंतील गिट्टेल ही पारलिंगी मुलगी याच संस्थेंत राहते. तिची आई व बहीण रोझ अमेरिकेस निघून जातात. गिट्टेल मागें राहते. ही रोझ म्हणजेच मॉराची आई. गिट्टेलची अंगठी घरांत राहून पुढें ॲलीपर्यंत पोहोंचते. तिची हकीकत मात्र पोहोंचत नाहीं.

मॉराची भूमिका जेफ्री टॅम्बर या पुरुष नटानें केली. त्याला पारितोषिकें मिळालीं. पण अशी भूमिका पारलिंगी स्त्रीसच कां देऊं नये, हा प्रश्नही विचारला गेला, आणि तो रास्त होता. २०१७ मध्यें दोन पारलिंगी स्त्रियांनीं टॅम्बरवर गैरवर्तनाचे आरोप केले. त्यानें ते नाकारले, तरी २०१८ मध्यें त्याला काढून टाकण्यांत आलें. म्हणून २०१९ च्या अखेरच्या संगीत भागांत मॉराच्या मृत्यूची वार्ता येते, व शोकासाठीं कुटुंब एकत्र जमतें. १९९४ सालीं राहून गेलेला ॲलीचा संस्कारही त्याच भागांत होतो.