जहाज दुप्पट, भाव किती पट?

15 जानेवारी 2025 रोजी मुंबईच्या नौदल गोदीत 'निलगिरी' ही लढाऊ नौका आरमारात दाखल झाली. केनवडच्या आमच्या दुकानात धोतरजोडी पाहायला बसलेल्या एका शेतकऱ्याने वर्तमानपत्रातील ती बातमी वाचली आणि विचारले, "चाचा, एका जहाजाले सहा हजार कोटी? सोन्याचं हाय का ते?"

समुद्र आमच्या रिसोड तालुक्यापासून शेकडो कोस दूर. पण प्रश्न भावाचा होता आणि भाव विचारल्यावर व्यापाऱ्याने गप्प बसणे बरे नव्हे.

आम्ही कागद-पेन्सिल घेतली. अशा सात नौकांचा खर्च सुमारे 45,000 कोटी. चार माझगाव डॉकच्या वाट्याला, तीन कोलकात्याच्या कारखान्याकडे. एका नगाला 6,400 कोटींच्या आसपास पडतात. कापडावर जीएसटी 5 टक्के. केवळ कापडाच्या करातून अशी एक नौका घ्यायची म्हटली, तर देशात 1,28,000 कोटींचे कापड विकले गेले पाहिजे!

याच माझगाव डॉकमध्ये बांधलेली पहिली 'निलगिरी' 1972 साली दाखल झाली होती. ती सुमारे 3,000 टनांची, नवी सुमारे 6,700 टनांची. (आंग्र्यांची गुराब फार तर 300 टनांची असे. गुराब हा मूळ अरबी शब्द, अर्थ कावळा.) वजन दुप्पट झाले म्हणून भाव दुप्पट झाला असता तर तक्रार नव्हती. परंतु अमेरिकेतील रँड संस्थेने 2006 साली हिशोब मांडला, त्यात तेथील युद्धनौकांच्या किमती पन्नास वर्षे दरसाल 7 ते 11 टक्क्यांनी चढत गेल्याचे दिसले. इतर जिनसांची महागाई एवढी नव्हती.

कारण कापडवाल्याला लवकर उमगते. शालूची किंमत रेशमाच्या वजनात नसते, जरीत असते. नौकेचे पोलाद हे रेशीम. रडार, संगणक आणि क्षेपणास्त्रे ही जर. जुन्या 'निलगिरी'वर मुख्य भिस्त तोफांवर होती, नवीवर 8 ब्राह्मोस आणि 32 बराक क्षेपणास्त्रे आहेत. एवढ्या यंत्रांना वीज हवी, थंडावा हवा, जागा हवी. म्हणून जहाज वाढते.

भाव वाढला की नग कमी होतात. अमेरिकेने झुमवाल्ट जातीच्या 32 विनाशिका बांधण्याचे ठरवले होते, बांधल्या तीन. सगळे भांडवल एकाच गाठीत घालणाऱ्या व्यापाऱ्याची झोप उडते. एप्रिल 2022 मध्ये रशियाची अकरा हजार टनांवरची 'मॉस्क्वा' बुडाली. युक्रेनने दोन क्षेपणास्त्रांनी ती बुडवल्याचे सांगितले, रशियाने आगीचे कारण दिले. बुडाली हे मात्र खरे.

मग लहान, स्वस्त नौकाच घ्याव्यात काय? आम्हास तसे वाटत नाही. 2023 च्या अखेरीस तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले, मालवाहू जहाजे आफ्रिकेला वळसा घालू लागली आणि भाडे कडाडले. निर्यातीचा माल पाठवणाऱ्यांना ते चांगलेच बोचले. जानेवारी 2024 मध्ये एडनच्या आखातात एक तेलवाहू जहाज पेटले, तेव्हा आग विझवायला आपली 'विशाखापट्टणम' धावली. मार्चमध्ये 'कोलकाता'ने 35 समुद्री चाचे पकडले. घरापासून इतक्या दूर दिवसचे दिवस उभे राहायला मोठेच जहाज लागते. आमची तक्रार आकाराबद्दल नाही, जरीच्या वाढत्या बिलाबद्दल आहे. ते बिल संसदेत ओळीने तपासले जावे, एवढेच मागणे.

हे सारे ऐकून शेतकऱ्याने विचारले, "आन् जुनं झालं की मोडीत कितीले जाते?"

जुनी 'विक्रांत' 2014 साली सुमारे 60 कोटींना भंगारात गेली आणि तिच्या लोखंडाचा काही भाग मोटारसायकलींत वापरला गेला, असे आम्ही सांगितले. नवीला सुमारे 20,000 कोटी लागले, हेही सांगितले. त्याने मान हलवली आणि धोतरजोडीचे पन्नास रुपये कमी करून घेतले.