मुठेकांठची सपाट वाट

पुण्यांत लकडी पुलापासून ओंकारेश्वरापर्यंत मुठेच्या कांठानें जावयास सुमारें वीस मिनिटें लागतात. वाटेंत फारसा चढउतार नाहीं. आजोबा व नातू या दोघांनाही ती सारखीच सुखाची. हा सपाटपणा मूळचा नदीचाच होय. पूर ओसरतांना मागें राहिलेला गाळ थरावर थर बसतो, आणि कांठची भूमि समतल होते.

वर्षांतील बहुतेक महिने मुठेचें पाणी खडकवासल्याच्या धरणांत अडलेलें असतें. त्यामुळें पात्र कृश दिसतें, आणि फिरावयास येणारास नदीचा विसर पडतो. परंतु १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, तेव्हां हेंच पाणी कांठच्या पेठांत शिरलें. आजही पावसाळ्यांत धरणांतून पाणी सोडलें, कीं सखल भिडे पूल आधीं बुडतो. तो बुडाला म्हणजे कांठाकडे फिरकूं नये.

कांठावर भराव पडला, तर पुरास पसरावयास जागा उरत नाहीं व पाणी वस्तींत चढतें. म्हणून ही पट्टी मोकळीच राहिली पाहिजे. त्यांत फिरणाराचें सुख आहे, आणि घरीं बसलेल्याचें रक्षणही आहे.