ब्लॅकफ्रायर : एका चिंचोळ्या पानगृहाचा मागोवा

लंडनमध्ये थेम्सच्या उत्तर तीरावर, ब्लॅकफ्रायर्स पुलाच्या तोंडाशी, दोन रस्त्यांच्या बेचक्यात पाचरीसारखी बसलेली ‘ब्लॅकफ्रायर’ या पानगृहाची चिंचोळी इमारत ज्या परिसरात उभी आहे, तेथे तेराव्या शतकापासून डोमिनिकन भिक्षूंचा मठ नांदत होता. शुभ्र वस्त्रावर ते जो काळा झगा पांघरीत, त्यावरून त्यांना आणि पुढे त्या पेठेलाही हे नाव पडले. कॅथरीन राणीशी झालेला आपला विवाह रद्द ठरवून घेण्यासाठी आठव्या हेन्रीने १५२९ साली पोपच्या प्रतिनिधींपुढे जो दावा चालविला, त्याचे कामकाज याच मठात झाले; आणि नऊच वर्षांनी त्याच राजाच्या अमदानीत तो मठ खालसा झाला.

मागे उरले ते नाव. सुमारे १८७५ मध्ये बांधलेल्या या साध्या इमारतीला १९०५ च्या सुमारास नवे रूप देताना वास्तुशिल्पी हर्बर्ट फुलर-क्लार्क आणि शिल्पकार फ्रेडरिक कॅलकॉट व हेन्री पूल यांनी त्या नावालाच देह दिला. दर्शनी भागावर हसतमुख, स्थूल भिक्षू. आत रंगीत संगमरवर आणि धातूची उठावशिल्पे : शुक्रवारी मांस वर्ज्य, म्हणून आदल्या दिवशी मासे धरणारे, शनिवारी दुपारी बागेतील फळे उतरविणारे, आणि नाताळची गीते आळविण्यात तल्लीन झालेले भिक्षू. पुढे रेल्वेच्या पुलाखाली कमानदार छताचे एक छोटे दालनही जोडले गेले. जे हस्तकौशल्य एरवी देवालयांच्या किंवा उमरावांच्या दिवाणखान्यांच्या वाट्याला यावे, ते येथे, कचेरी सुटल्यावर पेलाभर बिअरचे दाम मोजून घटकाभर टेकणाऱ्या कारकुनासाठी तितक्याच निष्ठेने ओतले गेले, ही गोष्ट मला त्या राजदरबारी दाव्याहूनही मोलाची वाटते.

१९६० नंतरच्या दशकात, ज्या काळात यूस्टन स्थानकाची भव्य कमान पाडली गेली त्याच काळात, या इमारतीवरही पाडकामाचे संकट आले. त्या कमानीसाठी झगडून हरलेले कवी जॉन बेट्जमन येथेही पुढे सरसावले, आणि या खेपेस यश आले. पुढे वास्तूची नोंद सरकारदप्तरी संरक्षित इमारतींत झाली. आजूबाजूची जुनी घरे मात्र गेली, आणि ती पाचर आता एकाकी पडली आहे. त्यामुळे पुलावरून येणाऱ्याला दारावरचा तो काळ्या झग्याचा भिक्षू दुरूनच दिसतो.